देवलीचे देणे

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी एस.टी. स्थानकाबाहेर पडावे, तांबड्या रंगात रंगवलेली, ड्रॅगनचे चित्र मिरवणारी चायनीजची एक तरी गाडी उभी दिसतेच. गाडीवर काम करणारी मुले बहुधा नेपाळची, बिहारची किंवा गावातलीच असतात. समोर उभी राहून खाणारी मंडळी तर निखालस आपली असतात. मांचुरियन हा तिथला सर्वांत खपाचा पदार्थ. चीनमधील मांचुरिया प्रांताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी तो १९७५ च्या सुमारास मुंबईत प्रथम केला, असे सांगितले जाते. म्हणजे ज्याला आपण चिनी म्हणतो तो पदार्थ भारतीय आहे, आणि तो भारतीय चिनी माणसाच्या हातचा आहे. पदार्थ आपण आपला मानला. तो करणाऱ्यांचा समाज मात्र आपला आहे की नाही, या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्या प्रजासत्ताकाने अजून दिलेले नाही.

बहुसांस्कृतिक समाज हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. निरनिराळ्या लोकांचे पदार्थ खाल्ले, त्यांच्या नववर्षाच्या मिरवणुकीची छायाचित्रे छापली, म्हणजे बहुसांस्कृतिकता साधली, अशी एक सोयीस्कर समजूत सुशिक्षितांत रूढ झाली आहे. परंतु एखाद्या अल्पसंख्य समाजाचे देशातील स्थान सणाच्या दिवशी ठरत नाही. बहुसंख्यांचे माथे भडकलेले असते, सीमेवर माणसे मरत असतात, आणि कायद्याचा आधार सोडून त्या समाजापाशी दुसरे काहीच नसते, त्या दिवशी ते ठरते. भारतातील चिनी समाजाच्या वाट्याला तो दिवस नोव्हेंबर १९६२ मध्ये आला. त्या दिवशी आपण कसे वागलो, याचा हिशेब अद्याप मांडायचा राहिला आहे.

हा समाज काल-परवा आलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अच्यु नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने कलकत्त्याजवळ बजबजनजीक जमीन दिली. त्याने तेथे ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अचिपूर म्हणून ओळखले जाते, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्याचे चिनी लोक त्याच्या समाधीच्या दर्शनाला जातात. १८३० नंतर आसामात चहाची लागवड सुरू झाली, तेव्हा इंग्रजांनी चहाचे कसब जाणणारे चिनी कारागीर तेथे आणले. त्यांच्यातील अनेकांनी तिथल्याच स्त्रियांशी लग्ने केली. पुढल्या काळात चीनमधील दुष्काळ, यादवी आणि जपानी आक्रमण यांनी देशोधडीला लावलेली माणसे लाटेमागून लाटेने येत राहिली. कँटनकडील लोक सुतारकामात शिरले, हूपेहकडील लोकांनी दातांचे दवाखाने थाटले, शांटुंगचे लोक खांद्यावर रेशमाची गाठोडी घेऊन गावोगाव हिंडले. आपल्या मुंबईतही गोदीच्या आश्रयाने चिनी खलाशांची आणि कारागिरांची वस्ती झाली. माझगावात १९१९ साली त्यांनी बांधलेले छोटेसे देऊळ अजून उभे आहे.

कलकत्त्याच्या पूर्वेला टेंगरा येथे हक्का चिनी कातडी कमावण्याच्या धंद्यात उतरले. या धंद्याची गोष्ट आपण महाराष्ट्रातील लोकांनी नीट समजून घेण्याजोगी आहे. कातड्याला हात लावणे सवर्णांना विटाळाचे वाटत होते, म्हणून ती जागा मोकळी होती. परक्या चिनी माणसाला ती मिळाली याचे कारण आपली जातिव्यवस्था. त्या कारखान्यांत राबणारा मजूर पुष्कळसा बिहारमधून आलेला चर्मकार होता. मालक चिनी आणि मजूर दलित, आणि दोघेही भद्र समाजाच्या दृष्टीने सारखेच अस्पृश्य. टेंगऱ्याची दुर्गंधी कलकत्त्याच्या मध्यमवर्गाला सहन होत नव्हती. टेंगऱ्याच्या कातड्याचे बूट मात्र तो वापरत होता. या नात्यात शोषण नव्हते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण ते भारतीय शोषण होते, भारतीय जातीच्या पायावर उभे होते, आणि त्यावरचा इलाजही मजुरांची संघटना व कामगार कायदा हा भारतीयच होता.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने सीमेवर चढाई केली आणि २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. पाठोपाठ अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. परकीयांसंबंधीच्या कायद्यात ऑक्टोबरच्या अखेरीस वटहुकमाने एक बदल करण्यात आला आणि पुढे संसदेने त्याला कायद्याचे रूप दिले. त्या बदलाचा मतलब ध्यानात घ्यावा. जी व्यक्ती, किंवा जिच्या आईवडिलांपैकी कोणी, किंवा जिच्या आजी-आजोबांपैकी कोणी एक, कधीही आक्रमक देशाचा नागरिक वा प्रजाजन होता, तिला परकीयांचे निर्बंध लागू करता येतील, असा तो बदल होता. माणसाने काय केले हा प्रश्नच त्यात नव्हता. त्याचा आजा कोण होता, एवढेच पाहायचे होते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० नंतर या भूमीवर जन्मलेले मूल सामान्यतः जन्मानेच भारताचे नागरिक होते. म्हणजे ज्यांना पुढे तारांच्या कुंपणामागे डांबण्यात आले, त्यांतील कित्येक बालके कायद्याच्या दृष्टीने तुमच्याआमच्याइतकीच भारतीय होती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आसामातील माकुम, तिनसुकिया, शिलाँग आणि उत्तर बंगालमधील दार्जिलिंग, कालिंपोंग या भागांतून पोलिसांनी चिनी कुटुंबेच्या कुटुंबे उचलली. नेसत्या वस्त्रानिशी आणि हाती लागेल ते सामान घेऊन लोक बाहेर पडले. थोड्या दिवसांत परत यायचे आहे, अशीच पुष्कळांची समजूत होती. म्हातारे होते, गरोदर स्त्रिया होत्या, शाळकरी मुले होती. आसामातील लोकांना आधी तुरुंगात ठेवून मग आगगाडीने सुमारे आठवड्याचा प्रवास करवीत राजस्थानात नेण्यात आले. सुमारे ३,००० माणसे टोंक जिल्ह्यातील देवली येथील छावणीत पोचली. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, शिक्षेची मुदतही नव्हती. १९६३ साली चीनने मद्रास बंदरात जहाजे पाठवली आणि दोन हजारांहून अधिक लोक त्यांतून गेले. त्यांतील कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. तिकडे गेल्यावर परदेशातून आलेले म्हणून संशयाची नजर त्यांच्या वाट्याला आली, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्या संशयाची किंमत त्यांनी मोजली. जे देवलीतच राहिले त्यांतील काहींची सुटका १९६७ पर्यंत झाली नाही. सुटून आले तेव्हा अनेकांची घरे, दुकाने, सामानसुमान लिलावात गेलेले होते. छावणीत न गेलेल्या चिनी कुटुंबांनाही गाव सोडण्यासाठी पोलिसांची परवानगी घ्यावी लागे.

देवली हे नाव आपल्या चळवळीला नवे नाही, आणि म्हणूनच हा विषय या पानावर मांडण्याचे विशेष कारण आहे. याच देवलीत इंग्रज सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राजकीय स्थानबद्धांना ठेवले होते. जयप्रकाश नारायण तेथे होते, कॉम्रेड डांगे तेथे होते. १९४१ साली तेथील स्थानबद्धांनी दीर्घ उपोषण केले. कामगारनेते ना. म. जोशी मध्यवर्ती विधिमंडळाचे सदस्य या नात्याने देवलीला गेले, कैद्यांची गाऱ्हाणी त्यांनी ऐकली आणि ती वेशीवर टांगली. अखेर स्थानबद्धांना आपापल्या प्रांतात हलवणे सरकारला भाग पडले. खटल्याविना कोणाला कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, हे तत्त्व आपल्या आधीच्या पिढीने त्याच जागी उपाशी पोटी सिद्ध केले होते. एकवीस वर्षांनी, स्वराज्यात, त्याच जागी आपल्या सरकारने लहान मुलांना नेऊन ठेवले. या वेळी उपोषणाची बातमी देशभर नेणारे कोणी त्यांच्यापाशी नव्हते. त्यांच्या दाराशी ना. म. जोशींसारखा माणूस का पोचला नाही, हा प्रश्न सरकारपेक्षा आपल्याला अधिक टोचला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो युद्धाचा. देश संकटात असताना हेरगिरीचा धोका होता, सरकारने दुसरे काय करावे, असे म्हटले जाते. चीनच्या विस्तारवादाविषयी समाजवाद्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. तिबेटात चिनी फौजा घुसल्या तेव्हा, १९५० साली, त्या कृत्याला शिशुहत्या म्हणणारे डॉ. लोहिया होते. परंतु राज्यसत्तेचा विरोध आणि वंशाचा द्वेष यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संशय असेल तर माणसावर घ्यावा, पुरावा मांडावा, न्यायासनापुढे उभे करावे. हेरगिरीचा गुन्हा आजोबांच्या रक्तातून नातवात उतरत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जनतेची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडे निवर्तले. ते गेले होते जपानी आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या माणसांसाठी, कोणत्या सरकारच्या प्रेमाखातर नव्हे. त्यांच्या निधनाला वीस वर्षे पुरी होत होती त्याच महिन्यात देवलीच्या बराकी भरलेल्या होत्या. कोटणीसांचा अभिमान मिरवायचा आणि देवलीविषयी मौन पाळायचे, हे एकाच तोंडाने शोभत नाही.

शिवाय असले हत्यार ज्याच्यासाठी घडवले त्याच्यापुरते कधीच राहत नाही. १९६२ ची आणीबाणी युद्ध महिन्याभरात थांबूनही जानेवारी १९६८ पर्यंत चालू ठेवण्यात आली. खटल्याविना स्थानबद्धतेची सरकारला सवय जडली आणि जनतेला तिचे काही वाटेनासे झाले. १९७५ साली मिसाखाली तुरुंगात गेलेल्या आपल्या सहकाऱ्यांना त्या सवयीची किंमत कळली. दुबळ्या, परक्या दिसणाऱ्या, मतपेटीत नगण्य असणाऱ्या समाजावर आधी जे केले जाते आणि चालून जाते, तेच पुढे सर्वांच्या दारी येते. २०१९ साली आसामच्या नागरिक नोंदणीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली. तेथेही कसोटी वाडवडिलांच्या कागदांचीच होती, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. जगभरचे चिनी प्रवासी हे व्यापारी आणि मालक, गरिबांचे त्यांच्याशी काय नाते, असे काही कार्यकर्ते म्हणतात. या म्हणण्याची परिणती कोठे होते हे इंडोनेशियात दिसले. डच राज्यकर्त्यांनी तेथे चिनी लोकांना दलाल म्हणून स्थानिक शेतकरी आणि स्वतः यांच्यामध्ये उभे केले. करवसुली आणि किरकोळ व्यापार त्यांच्याकडे सोपवून लोकांचा राग त्यांच्या अंगावर राहील अशी तजवीज केली. स्वातंत्र्यानंतर सुहार्तोंच्या राजवटीने हीच नीती अधिक कुशलतेने चालवली. १९६७ च्या हुकमाने चिनी सण उघडपणे साजरे करण्यास बंदी झाली, चिनी शाळा बंद झाल्या, लोकांना नावे बदलावी लागली, आणि त्याच वेळी मूठभर चिनी धनिकांना राजवटीच्या भागीदारीत घेण्यात आले. मे १९९८ मध्ये महागाईने जनता होरपळली, तेव्हा जाकार्ताच्या चिनी वस्तीतील दुकाने जळाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. देश लुटणारे राजवटीतील बडे लोक सुरक्षित राहिले. मार खाल्ला कोपऱ्यावरच्या दुकानदाराने. वर्गाच्या लढ्याला वंशाचा चेहरा दिला की मालकशाही सुटते आणि शेजारी मरतो. पुढे अब्दुर्रहमान वाहिद या धर्मनिष्ठ मुस्लिम राष्ट्राध्यक्षांनी २००० साली ती बंदी उठवली आणि २००३ पासून चिनी नववर्ष ही तेथे राष्ट्रीय सुट्टी झाली. जखम भरली असे नाही. पण राज्याने आपली चूक आपल्या हाताने पुसली.

तशी ती इतरांनीही पुसली आहे. अमेरिकेने महायुद्धात आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले होते. १९८८ साली तिने कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. चिनी मजुरांवर बसवलेल्या डोईपट्टीबद्दल न्यूझीलंडने २००२ साली आणि कॅनडाने २००६ साली क्षमा मागितली. ही भांडवलशाही राष्ट्रे आपल्याहून थोर आहेत असे सुचवायचे नाही. त्यांच्याकडे हे घडले ते पीडितांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांनी दशकानुदशके लावून धरले म्हणून.

आपल्याकडे काय घडले? देवलीतून सुटलेल्यांपैकी आणि त्यांच्या आप्तांपैकी फार मोठा भाग देश सोडून गेला. टोरांटोच्या आसपास आज त्यांची वस्ती आहे. तेथे ते हिंदी-बंगाली बोलतात आणि कलकत्त्याच्या चवीचे जेवण रांधतात. २०१७ साली त्यांतील काही वृद्ध मंडळी ओटावा येथील भारतीय उच्चायुक्तालयासमोर गेली. आमच्यावर अन्याय झाला एवढे भारताने मान्य करावे, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झालेली नाही. त्याच २०१७ साली शत्रू-मालमत्तेच्या कायद्यात बदल होऊन अशा मालमत्तेवरील वारसांचा हक्क, ते भारताचे नागरिक असले तरीही, काढून घेण्यात आला. सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे अशा मालमत्तांपैकी १२६ चिनी नागरिकांच्या होत्या. हा कारभार पाहणाऱ्या अभिरक्षकाचे मुख्य कार्यालय दीर्घकाळ आपल्या मुंबईत होते. पण त्या फायलींत कोणाचे घर आहे, हे विचारावेसे आपल्यापैकी किती जणांना वाटले? आसामी लेखिका रीता चौधुरी यांनी ‘माकाम’ या कादंबरीतून आणि जॉय मा व मुंबईचे दिलीप डिसोझा यांनी २०२० साली देवलीवरील पुस्तकातून ही कहाणी लोकांपुढे आणली. लेखकांनी आपले काम केले. राजकीय पक्षांनी केलेले नाही.

जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले, तेव्हा महाराष्ट्रातील एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी चायनीज खाद्यपदार्थांची उपाहारगृहे बंद करावीत असे आवाहन केले. लोक हसले आणि विसरले. परंतु कलकत्त्यातील चिनी वंशाच्या लोकांना हसू येणे शक्य नव्हते. आपण भारताच्या बाजूचे आहोत हे सांगण्यासाठी त्यांना रस्त्यावर फलक घेऊन उभे राहावे लागले. तुमच्यामाझ्यावर अशी पाळी येत नाही. सहा पिढ्या या मातीत काढूनही निष्ठेचा दाखला ज्याला पुनःपुन्हा द्यावा लागतो, त्याचे नागरिकत्व पूर्ण झालेले नसते. त्याच वर्षी करोनाच्या साथीत ईशान्य भारतातील मुलामुलींना पुण्या-मुंबईत केवळ चेहऱ्यावरून अपमान सोसावा लागला, तो याच रोगाचा दुसरा विकार होता.

हा समाज आता काही हजारांवर येऊन ठेपला आहे. टेंगऱ्यातील कातड्याचे कारखाने १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हलवावे लागले, तरुण मंडळी कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे वळली. एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एकच: ज्यांच्याकडून मत, पैसा वा सत्ता यांपैकी काहीही मिळण्यासारखे नाही, त्यांच्यासाठी बोलतो तेव्हाच आपण न्यायासाठी बोलतो हे सिद्ध होते. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांची भाषा, एकमेकांचे मन जाणावे म्हणून. त्या भारतात टेंगऱ्याचा हक्का आणि माकुमचा चिनी-आसामी यांना जागा नसेल, तर ते स्वप्न अपुरे आहे.

आपल्या कार्यकर्त्यांनी यापुढे निदान चार मागण्या लावून धराव्यात. देवलीच्या स्थानबद्धतेचा अन्याय संसदेने ठराव करून मान्य करावा आणि हयात असलेल्यांची क्षमा मागावी. त्या काळची सरकारी कागदपत्रे अभ्यासकांना खुली करावीत. भारताचे नागरिक असलेल्या वारसांना शत्रू ठरवणारी २०१७ ची तरतूद रद्द व्हावी. आणि जयप्रकाशजी जेथे होते, व चिनी मुले जेथे वाढली, त्या देवलीत या दोन्ही स्थानबद्धतांची नोंद करणारी एक पाटी तरी लागावी. यांत खर्चाची बाब जवळजवळ नाही. आहे ती मनाच्या मोठेपणाची. छावणीत लहान मूल म्हणून गेलेली माणसे आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. देणे फेडायचे तर घेणारा जिवंत असताना फेडले पाहिजे. युवकांच्या शिबिरांत, अभ्यासवर्गांत हा विषय पुढच्याच महिन्यापासून घ्यावा, आणि जवळपास चिनी वंशाचे एखादे कुटुंब असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन त्याचे ऐकून घ्यावे. ठराव त्यानंतर लिहावा.